दवाखाना एकट्या डॉक्टराचा नव्हे

(छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



कोणत्या आजारावर कोणतें औषध घ्यावें हें मी आज सांगणार नाहीं. तें ज्याचें काम त्यानें सांगावें. मला बोलावयाचें आहे तें असें कीं, औषध ज्या हातांतून आपल्या दारापर्यंत येतें ते हात किती असावेत, त्यांचा एकमेकांशीं मेळ कसा असावा, आणि ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप त्या आजारी माणसाला त्यांत बोलावयाची जागा आहे कीं नाहीं. ही गोष्ट वरवर साधी दिसते. परंतु तुमच्या आमच्या घरांतलीं कित्येक माणसें औषध नव्हतें म्हणून नव्हे, तर हा मेळ नव्हता म्हणून गेलीं आहेत.

आपल्याकडे आजार कसा चालतो तें पाहा. कन्नडकडच्या किंवा सोयगांवकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या छातींत दुखूं लागतें. दिवस पेरणीचे असतात. चार दिवस तो दुखणें अंगावर काढतो. पांचव्या दिवशीं बाजाराच्या गांवीं जाऊन एक सुई टोंचून घेतो, खिशांत असलें तर सलाईन लावून घेतो, आणि परत येऊन कामाला लागतो. पंधरा दिवसांनीं माणूस आडवा पडला म्हणजे मग जीप ठरवावयाची, बायकोच्या गळ्यांतला मणी गहाण टाकावयाचा, आणि शहरांतली घाटी गांठावयाची. १९५६ सालीं निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचें हें सरकारी रुग्णालय. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले गोरगरीब शेवटीं तेथेंच लोटतात. तेथील डॉक्टरास दोष देऊं नका. त्याच्यापुढें रांग लागलेली असते. एकेका माणसाला तो किती वेळ देणार? तो छातीला नळी लावतो, चिठ्ठी लिहितो, आणि म्हणतो, "पुढचा."

आतां या शेतकऱ्याला कोणीं विचारावयास पाहिजे होतें कीं, बाबा, तूं तंबाखू किती खातोस? कपाशीवर फवारा मारतांना तोंडाला फडकें बांधतोस का? मागच्या वर्षीं बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या त्या मध्येंच कां सोडल्यास? घरांत कोणाला खोकला आहे काय? हे प्रश्न विचारावयास वेळ लागतो, आणि त्यांचीं खरीं उत्तरें मिळावयास विश्वास लागतो. मोठ्या दवाखान्यांतल्या डॉक्टरापाशीं पहिली गोष्ट नाहीं, आणि दुसरी एका दिवसांत मिळत नाहीं. मग होतें काय, कीं रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

विहिरीवरची मोट आतां राहिली नाहीं, तरी आपल्या वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. मोट हाकणारा एक, आणि खालीं वाफ्यांत दारें धरणारा दुसरा. हाकणारा कितीहि जोरकस असो, दारें धरणारें कोणी नसेल तर पाणी पाटांतून भलतीकडेच जावयाचें, आणि पीक उभ्या विहिरीशेजारीं वाळावयाचें. पैठणचा विणकर एकटा पैठणी करीत नाहीं. रेशीम उकलणारा निराळा, रंग देणारा निराळा, मागावर बसणारा निराळा. एकाचा हात चुकला तर साऱ्यांचें काम फुकट. हें तुम्हांला कोणी शिकवावयास नको. मग आरोग्याच्या कामांतच आपण असें कां समजावें कीं, एक मोठा डॉक्टर भेटला म्हणजे सारें झालें?

कोणी म्हणेल, गांवांत बलुतेदारीहि होतीच कीं! होती, परंतु बलुत्यांत काम वाटलें होतें, मान वाटला नव्हता. गांवची सुईण आडल्या वेळीं घरांत लागे, आणि नाळ कापून झाली कीं तिनें उंबऱ्याबाहेर बसावें. असा मेळ मला सांगावयाचा नाहीं. ज्या मेळांत एकानें बोलावें आणि बाकीच्यांनीं माना डोलवाव्या, तो मेळ नव्हे, ती वेठ आहे.

खरा मेळ कसा असतो याचें उदाहरण फार लांब नाहीं. आपल्या बीड जिल्ह्याच्या शिवेला लागून, पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, जामखेड तालुका आहे. दुष्काळी मुलूख. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हीं दोघें तेथें काम करावयास आलीं. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तीं शिकलेलीं, पुढें अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचाहि अभ्यास केलेला. शहरांत बंगला बांधून बसलीं असतीं तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. परंतु त्यांनीं खेड्यांत जाऊन आधीं लोकांनाच विचारलें कीं, तुम्हांला काय पाहिजे? लोकांनीं औषध मागितलें नाहीं. लोक म्हणाले, आम्हांला पाणी पाहिजे आणि पोटाला अन्न पाहिजे.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हें माझें काम नव्हे, मी डॉक्टर आहें. या दोघांनीं तसें म्हटलें नाहीं. १९७२ च्या दुष्काळाच्या काळांत त्यांनीं खेड्यांत विंधनविहिरी घेण्याच्या कामाला हात घातला. हातपंप दलित वस्तींत बसवावेत, हा त्यांचा आग्रह. ज्याला पाणी पाहिजे त्यानें त्या वस्तींत यावें आणि भरावें. तहान लागली म्हणजे सोंवळें किती वेळ टिकतें तें तुम्हांस ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याच वाटेवरचें हें पाऊल. स्वच्छ पाणी आलें तसे जुलाब-हगवणीनें मरणारीं मुलें वांचूं लागलीं. औषधाच्या बाटलींतून न येणारें औषध तें हें.

मग प्रश्न आला कीं, खेड्यांत रोज कोण बघणार? पहिल्यानें त्यांनीं शिकलेल्या नर्सबाई गांवांत ठेवून पाहिल्या. त्या तरण्या, परगांवच्या. त्यांना एकटें राहणें कठीण, आणि गांवच्या बायाहि त्यांच्यापाशीं मन मोकळें करीनात. तेव्हां असा विचार निघाला कीं, गांवचीच एक बाई गांवानेंच निवडावी आणि तिला शिकवावें. ज्या बाया निवडल्या गेल्या त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित घरांतल्या, कित्येक भूमिहीन, कित्येक नवऱ्यानें टाकलेल्या. ज्यांच्या हातचें पाणी गांव पीत नव्हता, त्यांच्या हातीं गांवाचें आरोग्य दिलें!

या बाया दर आठवड्यास जामखेडला येत, एकत्र शिकत, एकत्र जेवत आणि एकाच पांघरुणाखालीं निजत. मूल तोलावें कसें, जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तें घोट घोट कसें पाजावें, बाळंतपणांत हात, पातें आणि दोरा स्वच्छ कसे ठेवावे, कोणत्या गरोदर बाईला धोका आहे, अंगावरचा चट्टा साधा कीं महारोगाचा, खोकला साधा कीं क्षयाचा, हें सारें त्या शिकल्या. आणि जें आपल्या आवांक्याबाहेरचें तें डॉक्टराकडे पाठवावें, हेंहि शिकल्या. डॉक्टर, नर्स आणि समाजसेवक यांचें फिरतें पथक गांवांत आलें म्हणजे ही बाई त्यांना घेऊन घरोघर फिरे. कोणत्या घरांत गरोदर सून आहे, कोणतें मूल वाळत चाललें आहे, कोणत्या घरीं रात्रीं मारहाण होते, हें तिला ठाऊक; तें डॉक्टराच्या पुस्तकांत लिहिलेलें नसतें. गांवांत शेतकऱ्यांचें मंडळ झालें, बायांचें महिला मंडळ झालें. असा तो मेळ बसला.

फळ काय मिळालें तें आंकड्यांनीं सांगतों. तेथें १९७१ सालीं जन्मलेल्या हजार मुलांतलीं १७६ मुलें वर्षाचीं होण्याआधींच दगावत. १९७६ सालीं तो आंकडा ५२ वर आला. पांच वर्षांत! तेथें कांहीं पांच वर्षांत मोठमोठीं इस्पितळें उभीं राहिलीं नव्हतीं. पाणी आलें, अन्न आलें, आणि शहाण्या केलेल्या बाया घरोघर फिरल्या. १९७९ सालीं आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. परंतु त्याआधींच, १९७५ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या पुस्तकांत जामखेडची हकीगत छापली, आणि १९७८ च्या सप्टेंबरांत आल्मा-आटा येथें १३४ देशांच्या प्रतिनिधींनीं मिळून जाहीर केलें कीं, प्राथमिक आरोग्य सेवा लोकांच्या सहभागानें, त्यांच्या दारांत मिळाली पाहिजे.

जामखेड एकटेंच आहे असें समजूं नका. आपल्याच मराठवाड्यांत तुळजापूर तालुक्यांतील अणदूर येथें हॅलो मेडिकल फाउंडेशननें खेड्यांतल्या बायांना शिकवून त्यांना 'भारतवैद्य' हें नांव दिलें. तिकडे गडचिरोलींत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ गांवांत बायांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकविलें. बाळ ऊबेंत ठेवणें, लगेच पाजणें, ताप व श्वास ओळखणें, वेळेवर औषध देणें. तेवढ्यानें नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं घटले. हें १९९९ सालीं इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत छापून आलें. आपल्या अडाणी म्हणविलेल्या बायांनीं साऱ्या जगाच्या डॉक्टरांना धडा दिला.

आतां सरकारचें पाहूं. १९३८ सालीं राष्ट्रीय नियोजन समिति नेमली गेली. तिच्या आरोग्य-उपसमितीचे अध्यक्ष कर्नल साहेबसिंग सोखे. या उपसमितीनें तेव्हांच म्हटलें होतें कीं, दर हजार वस्तीमागें एक शिकविलेला आरोग्यसेवक असावा. आणि दर हजार वस्तीमागें एक 'आशा' नेमण्याची योजना निघाली २००५ सालीं! मधल्या काळांत कितीक गांवांत किती माणसें गेलीं त्याची मोजदाद कोणी केली नाहीं.

असो. उशिरां कां होईना, आज कागदावर हा मेळ उभा आहे. दर हजार वस्तीस एक आशा. सपाटीवर पांच हजार वस्तीस, डोंगराळ व आदिवासी भागांत तीन हजार वस्तीस, एक उपकेंद्र; तेथें आरोग्यसेविका, आणि २०१८ पासून निघालेल्या योजनेंत समुदाय आरोग्य अधिकारी. तीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथें डॉक्टर. त्याच्या वर तालुक्याचीं व जिल्ह्याचीं रुग्णालयें, आणि आपल्यासाठीं शेवटीं घाटी. पायऱ्या आहेत. प्रश्न असा आहे कीं, या पायऱ्यांवरून माणूस जातो कीं ढकलला जातो?

मेळ चालला तर कसा चालतो? तीस वर्षांवरच्या बाईमाणसाच्या घरीं आशा येते, कागदावर चार गोष्टी विचारते. उपकेंद्रांत बीपी व साखर मोजली जाते. वाढलेली दिसली तर केंद्रावरचा डॉक्टर औषध सुरू करतो. पुढच्या महिन्यांत आशा पुन्हां दारांत येते आणि विचारते, "गोळ्या चालू आहेत ना, काका?" हा एक प्रश्न म्हणजे निम्मी वैद्यकी. बीपी दुखत नाहीं. म्हणून माणूस बरें वाटलें कीं गोळी सोडतो, आणि एके दिवशीं अर्धांगानें बांधावर कोसळतो. तसेंच बाळंतिणीचें. दवाखान्यांत बाळंत होऊन आलेल्या बाईच्या घरीं आशानें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं यावयाचें असतें. बाळंतपण घरीं झालें असेल तर पहिल्या दिवशींहि. हे दिवस बायांनीं तोंडपाठ करून ठेवावेत. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

आणि मेळ मोडला तर काय होतें, तें ऊसतोडीच्या बायांना विचारा. दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कारखान्याच्या वाटेला लागतात. आशा गांवांत राहते, बाई फडांत जाते. तिकडे पाणी नाहीं, आडोसा नाहीं, आणि खाडा पडला तर पैसे कापले जातात. पोटांत दुखतें, अंगावरून जातें; विचारावयास कोणी नाहीं. मग कोठल्या तरी खासगी डॉक्टराकडे जावें. तो म्हणणार, पिशवी काढून टाक, नाहीं तर कॅन्सर होईल. २०१९ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड बायांपैकीं १३,८६१ बायांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. बंधुहो, कापणाऱ्याचा हात कुशल असेल. परंतु त्या बाईशेजारीं बसून, "थांब ताई, आधीं तपासून पाहूं, औषधानें बरें होतें का बघूं," असें म्हणणारें माणूस कोणी नव्हतें. ज्ञान एका हातीं आणि देह दुसऱ्याचा, आणि मध्यें विचारणारें कोणी नाहीं, तेथें हेंच होणार. शास्त्रीबोवा पूर्वी पोथी लपवीत. आज कोणी रोगाचें नांव लपवितो. लपविणाऱ्याचा पोशाख बदलला, लपविणें तेंच.

मेळ मोडण्याचीं आणखी दोन कारणें सांगतों. पहिलें असें कीं, ज्या बाईच्या पायांवर हा सारा डोलारा उभा आहे तिला आपण 'स्वयंसेविका' म्हणतों. गोड शब्द आहे. त्याचा अर्थ एवढाच कीं पगार द्यावयास नको. कामाप्रमाणें मोबदला, आणि तोहि वेळेवर मिळेल तर! कोरोनाच्या साथींत ती घरोघर फिरली. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतल्या आशांचा गौरव केला. आणि त्याच आशांना महाराष्ट्रांत २०२१ व २०२३ सालीं पोटासाठीं संप करावा लागला. गौरवानें भाकर भाजत नाहीं.

दुसरें कारण आपल्याच घरांत आहे. आशा दारांत आली कीं, ती अमक्याची सून, तमक्या वस्तींतली, तिला काय कळतें, असें आपण म्हणतों. तिला उभ्यानेंच वाटेला लावतों, आणि बाजारांतल्या सुईवाल्याला मात्र खुर्ची टाकतों. डॉक्टर आशाला बोलूं देत नाहीं म्हणून आपण रागावतों. आपण तिला बसूं देतों का?

तेव्हां काय करावें? फार मोठें कांहीं नाहीं. प्रत्येक गांवांत ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिति असावयाची आहे. ती आपल्या गांवांत आहे काय, तिच्यांत कोण आहेत, हें ग्रामसभेंत विचारा. तिला मिळणाऱ्या पैशाचा हिशोब ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून घ्या. महिन्यांतून एकदां आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका आणि उपकेंद्राचे अधिकारी यांना एका सतरंजीवर बसवा. त्या बैठकींत आजारी माणसांनाहि बोलवा, आणि पहिल्यानें त्यांना बोलूं द्या.

घरांत एक कापडी पिशवी करा, आणि घाटींतल्या, केंद्रांतल्या, खासगी दवाखान्यांतल्या साऱ्या चिठ्ठ्या तिच्यांत ठेवा. मोठ्या दवाखान्यांतून आलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशीं उपकेंद्रांत नेऊन वाचून घ्या. नाहीं तर वर गेलेला माणूस खालीं येतांना वाटेंतच हरवतो. डॉक्टरापुढें गेलां म्हणजे मान खालीं घालून बसूं नका. चार गोष्टी विचारा: मला झालें आहे काय? हें औषध किती दिवस? घरांत काय पाळावें? पुन्हां केव्हां यावें? पोट कापावें असें कोणी सांगितलें तर पांचवी गोष्ट विचारा, न कापतां चालेल काय? आणि दुसऱ्या डॉक्टरालाहि दाखवा. ऊसतोडीला निघण्याआधीं गरोदर बायांचीं, लहान लेकरांचीं आणि रोज गोळ्या खाणारांचीं नांवें आशाकडे लिहून द्या. कोणत्या कारखान्यावर जाणार तेंहि सांगा. महिन्यांच्या गोळ्या बरोबर मागा. आणि आशांच्या पगाराची मागणी ही त्यांची एकट्यांची समजूं नका. जिच्या हातीं तुमच्या नातवाचा जीव, तिचें पोट रिकामें ठेवून तुम्हांला सुख लागणार नाहीं. ग्रामसभेंत तसा ठराव करून वर पाठवा.

शेवटीं एकच गोष्ट. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला तेव्हां सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा डॉ. यशवंत यानें गांवाबाहेर दवाखाना उघडला. डॉक्टर होता, औषध होतें. परंतु आजारी माणूस दवाखान्यापर्यंत यावयाचा कसा? सावित्रीबाई तेथें वाट पाहत बसल्या नाहींत. मुंढव्याच्या दलित वस्तींतल्या एका आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घेऊन आणलें. त्याच साथींत, १० मार्च १८९७ रोजीं, त्यांना मरण आलें. डॉक्टर आपल्या जागीं आणि आजाऱ्याला आणणारी माउली वस्तींत, हे दोन हात जुळले तेव्हां तो दवाखाना झाला. त्यांतला एक हात डॉक्टराचा. दुसरा आजहि आपल्या वस्तींत, आपल्या दाराशीं, वही घेऊन उभा आहे. त्याला बळ द्यावयाचें कीं झिडकारावयाचें, हें आपल्या हातीं आहे. गांव करी तें राव न करी, असें आपण म्हणतों. एकदां करूनहि दाखवूं या.